नदीचं मूळ

सर्व्हेअर आला अकराव्या दिवशी.
तोवर काही फेकू नका,
फोनवरची मुलगी म्हणाली होती,
म्हणून अकरा दिवस आम्ही
कुजलेल्या गादीशेजारी बसून जेवलो.

दहीपुलाच्या खालच्या बोळात, तळमजला, दोन खोल्या.
तो उंबऱ्यात वाकून बूट काढू लागला.
म्हटलं, राहू द्या,
बूट काढावेत असं आत काही उरलं नाहीये.
नाव निखिल तुंगार. मूळचा त्र्यंबकचा.
पायात मोजे नव्हते.
आठवडाभर असल्याच घरांतून फिरत असणार.

पाणी किती होतं?
दुतोंड्या मारुतीच्या छातीला.
ते नाही काकू, घरातलं. फुटात सांगा.
भिंतीवर रेघ होती,
चहा वाळल्यावर कपात राहते तशी.
त्यानं टेप धरला. तीन फूट सात इंच.
मिक्सर फळीवर, रेघेच्या वर. तो खोडला.
फ्रीज खाली. शिलाई मशीन खाली.
एकोणीस ब्लाउजपीस खाली,
त्यात थेट्यांच्या हर्षदाचा, साखरपुड्याचा,
ज्याचा मोरपंखी रंग बाकी अठरांना लागलेला.
हे तुमचे नाहीत ना? मग नाही धरता येत.
माझे नाहीत म्हणूनच तर झोप लागत नाही,
हे बोलले नाही.
फॉर्मवर तेवढी जागा नव्हती.

मग त्यानं पेनाला टोपण लावलं. पुन्हा काढलं.
आधी कुठून आलं पाणी?
दारातून, की मोरीतून?
दारातून आलं तर पूर.
मोरीतून आलं तर तुंबलेलं गटार,
त्याचं कलम वेगळं.

आमच्या रस्त्याखालून सरस्वती जाते.
नावाची नदी, कामाचा नाला,
वर स्लॅब, स्लॅबवर भाजीच्या गाड्या.
गंगापूरचं पाणी सोडलं
की गोदावरी तिला घरात घेत नाही,
मग ती उलट पावली माघारी येते,
आमच्या मोरीतून.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
ऋषीचं कूळही.
ऋषी काही आमच्या बोळात आला नाही,
त्यामुळे तो प्रश्न मिटला.

मी आठवू लागले.
आधी मोरीत बुडबुडे आले,
बादलीत तांब्या बुडवताना येतात तसे.
जाळीवर पाटा ठेवला.
पाट्यावर मी उभी राहिले.
पाटा हलला.
अर्ध्या तासानं दारातून आलं ते दुसरं,
तांबडं, गार, झेंडूची फुलं घेऊन.
माझ्या घोट्यांशी दोन्ही भेटली.
त्यानंतर गादी कुणी भिजवली
आणि मोटार कुणी जाळली,
मी कशी सांगू?

खरं सांगू का?
सांगा.
सांगितलं, बुडबुड्यांसकट.
तो बराच वेळ रेघेकडे बघत राहिला.
झेंडू होता म्हणालात?
होता. एक अजून मशीनच्या पायट्यात अडकलंय.
तो गुडघ्यांवर बसला, त्या चिखलात,
आणि त्या एका फुलाचे तीन फोटो काढले.
गटारात झेंडू कुठला, म्हणाला,
मला नाही,
पेनाला सांगितल्यासारखं.

सहा आठवड्यांनी मेसेज.
दावा मंजूर.
फ्रीज नऊ वर्षांचा, मशीन एकवीस वर्षांची,
घसारा वजा जाता
आठ हजार दोनशे चाळीस.
घसारा.
मी तो शब्द दोनदा वाचला.
वापरून वापरून मशीन कमी कमी होत गेली म्हणे.
मला वाटत होतं, हात बसत गेलाय.

हर्षदाच्या आईला पैसे द्यायला गेले.
नको नको म्हणाल्या,
मग मोजून घेतले.

फळ्या आता चार फुटांवर ठोकल्यात.
रंगारी रेघ खरवडून गेला,
दमट दिवशी तरी ती दिसते.
पाटा अजून मोरीवरच आहे,
उचलावासा वाटत नाही.
वाटण मिक्सरवर करते,
तो तेवढा रेघेच्या वर होता.