चौतीस टन

सुदामा नगरात, तिसऱ्या मजल्यावर
मी जहाज शिकते आहे.
पाचशे टनांपर्यंतचं येतं मला.
दहेजच्या धक्क्याला लागणारा आमचा टग,
त्याचा सकाळचा खोकला,
खंभातच्या भरतीत तो कुठे नाक मुरडतो, सगळं.
आता तीन हजारांची परीक्षा,
आणि रजा एकोणचाळीस दिवसांची.

संध्याकाळी सातला मोबाइलवर कॅप्टन फुर्तादो,
निवृत्त, मडगावहून, पंख्याखाली बनियनवर,
आम्हा नऊ जणांना सांगतात:
अर्धी भरलेली टाकी सगळ्यात वाईट.
रिकामी चालेल, काठोकाठ चालेल.
अर्ध्या टाकीतलं पाणी कुणाचंच नसतं,
जहाज जिकडे कलेल तिकडे धावतं.
दीवचा सोळंकी पुन्हा समजावायला सांगतो.
पोर्ट ब्लेअरचा बिस्वास कॅमेऱ्यासमोरच झोपलाय.
मी परातीत पाणी घेऊन
ओट्यापासून बाल्कनीपर्यंत चालून बघते.
फरशी पुसावी लागते.

"काय करून राहिली?" बाबा विचारतात.

बाबा एकतीस वर्षं छावणीच्या मंडीत, धर्मकाट्यावर.
भरलेली ट्रॉली, मग रिकामी ट्रॉली,
वजाबाकी, सोयाबीन.
ड्रायव्हर आत बसून राहिला तर काचेवर टकटक:
"उतर भिया, तुला कोणी विकत घेत नाहीये."

आता माझ्या झेरॉक्स त्यांच्या मांडीवर,
चष्मा परीक्षकासारखा नाकाच्या शेंड्याला.
ताठ जहाज म्हणजे काय?
वजन फार खाली. कललं की झटक्यात उभं.
माल तुटतो, माणसं पडतात.
आणि सैल?
सावकाश कलतं, तिथेच जरा विचार करतं,
मग येतं.
"तुझी आई," म्हणतात, आणि पान उलटतात.
दोन्हीतली कोणती ते सांगत नाहीत.
आतून कुकरची शिट्टी.

टनावर येऊन अडलो.
"टन म्हणजे हजार किलो."
इथे नाही, बाबा. इथे टन म्हणजे जागा.
जहाजातली बंद पोकळी सगळी मोजायची,
तिला एका आकड्यानं गुणायचं.
"आणि माल?"
धरत नाहीत.
"म्हणजे रिकामं असो, भरलेलं असो..."
तेवढंच.
चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला, बराच वेळ.
"मी जन्मभर रिकामी गाडी वजा करत आलो,
आणि तुमच्यात तीच मोजतात?"

दुसरा दिवस पाण्याचा.
जलूदहून डोंगर चढवून आणलेली नर्मदा
पाइपात खाकरत खाकरत
गच्चीवरच्या टाकीत पडते, एक दिवसाआड.
उरलेली आपल्या आपण खाली जाते,
भरूचकडे, दहेजकडे, आमच्या टगच्या पोटाखालून.
टाकी अर्धीच भरली आणि नळ गेला.
मी झाकण हातात धरून उभी.
आत एक चौकोनी आभाळ
कुणी धक्का न देता हलत होतं.

खाली आले तर बाबा टेप घेऊन भिंतीशी.
मला टोक धरायला लावलं.
लांबी, रुंदी, छत. माळा धरला. संडास धरला.
गॅसच्या सिलिंडरमागची सांदही धरली.
गुणाकार त्यांचा, लॉग माझा.
घर चौतीस टन निघालं.
काट्याच्या जुन्या पावतीमागे त्यांनी ते लिहिलं,
तारीख घातली, सही केली.
मग बाल्कनीकडे पाहिलं:
वेताची खुर्ची, पेपर, कुंडीतला ओवा.
"आणि ही?"
ती उघडी आहे, बाबा. उघडी जागा धरत नाहीत.

जाऊन खुर्चीतच बसले.
"विचार," म्हणाले, "पुढचा."
विचारायचं खरं तर त्यांनी होतं.
तरी मी विचारलं:
जहाज तीस अंश कललं
आणि तिथंच थांबलं, परत येईना, तर?
समोरच्या गच्चीवर कुणी पापड उलटत होतं.
ते संपेपर्यंत बघत राहिले.
"ड्रायव्हरला म्हणावं, आधी तू उतर."

ड्रायव्हर मीच असणार ना, बाबा.

त्यांनी कठड्यावर बोटानं
दोनदा टकटक केली.