वांग्याचं माप

अकराशे ग्राम, म्हणाली नर्स.

मी केळी कापणारा माणूस.
घड खांद्यावर आला की सांगतो :
सव्वीस किलो. अठ्ठावीस. हा पोचट, वीसही नाही.
काटा मागाहून तेच म्हणतो.
पण अकराशे ग्राम
खांद्यावर घेऊन पाहता येत नाही.
केळीची एक फणी याहून जड असते.

जळगावच्या सरकारी दवाखान्यात
काचेच्या पेटीत ती, पेटीपाशी रोशन,
आणि जिन्याखाली आम्ही बापे,
चपला उशाला घेऊन.

तिथेच येऊन बसायची भालोदची कौसाबाई भंगाळे.
तिचा नातू कधीच घरी गेला होता,
नऊ किलोचा, दात आलेला, चावरा.
तरी दर मंगळवारी पहिल्या एसटीनं यायची.
पिशवीत कातर, मऊ झालेल्या लुगड्याचे तुकडे
आणि एक भरताचं वांगं,
बामणोदचं, हिरवं, पांढऱ्या रेघांचं.

मला वाटलं, घरी जाऊन भाजेल.
तिनं ते मांडीत घेतलं, देठ खाली केला
आणि त्याला टोपी घातली.

"एवढ्या डोक्याची टोपी बाजारात भेटत नाही, भो.
दुकानदार म्हणतो, बाहुलीची घ्या.
बाहुलीले काय थंडी वाजते?"

दोन किलोच्या पोराला मोठं वांगं,
दीडच्याला मधलं.
माझ्याकडे पाहिलं, पिशवीत हात घातला.
"तुह्या पोरीले मोसंबी लागीन."

पायरीवरच्या कोण्या पोरानं
बॉलपेननं वांग्याला डोळे काढले, मिशा काढल्या.
कौसाबाई चिडली :
"आता हे भाजू कसं मी? पाहून राह्यलं ना ते!"
पुढच्या मंगळवारी तेच वांगं परत आलं,
सुरकुतलेलं, टोपीसकट,
मिशा तशाच.

हात रिकामे असले की माणूस मोजत बसतो.
गुरुवारी एका दिवसाच्या कापणीला गेलो
आणि येताना खोडाचं सोपट आणलं, ओलं, गुंडाळी करून.
जिन्याखाली बसून वळलं, पिळलं, गाठ मारली.
कौसाबाईनं उलटंसुलटं करून पाहिलं.
"बकरी हाय का बाज?"
"पोपट," मी म्हणालो.
ती इतकी हसली की वॉचमन आला.

टोप्या उकळून, उन्हात वाळवून आत जायच्या.
पोपटाला सिस्टर नाही म्हणाली.
म्हणून तो खिडकीच्या गजाला बांधला, बाहेरून.
वारा आला की चोच आपटायची.

मग जिनिंगमधला एक जण म्हणाला, मलाही दे थोडं सोपट.
त्यानं काय केलं ते त्यालाच माहीत.
रिक्षावाल्यानं तीन चाकं केली, चौथ्या दिवशी हँडल.
सातपुड्यातला पावरा पोरगा,
त्याचं बोलणं आम्हाला कळत नव्हतं,
त्यानं मासा केला.
खवले, कल्ले, सगळं.
तो गजाला बांधला तेव्हा
आम्ही सगळे गप्प उभे राहिलो,
तापीत कुणी गळ टाकला असता तर लागला असता.

एका पहाटे पावरा पोरगा नव्हता.
त्याची वळकटी नव्हती.
कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन
तो आणि त्याची बायको शिरपूरच्या गाडीकडे गेले,
वॉचमननं सांगितलं.
मासा तिथेच होता.
आम्ही कुणी सोडला नाही. सोपट वाळलं,
मासा पिवळा पडला, घट्ट झाला.

मंगळवारी कौसाबाई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.
काही बोलली नाही.
सुईत दोरा घालायला माझ्याकडे दिली,
तीन वेळा चुकलो.

काल अकराशे सत्तर.
आज सिस्टरनं काचेआडून उचलून दाखवली :
जांभळी टोपी, कडेला जुन्या जरीचा धागा,
टोपी घसरून एका डोळ्यावर आलेली,
दुसरा डोळा उघडा,
मी कोण याचा अंदाज घेणारा.

"मोसंबी जरा मोठीच झाली, मावशी," मी म्हणालो.

"होऊ दे," दोरा दातानं तोडत ती म्हणाली,
"मापात शिवली त
वाढाले जागा कुठी?"