बारदान वजा जाता

रास अल खैमा. गच्चीवर पत्र्याची खोली.
मागे उघडे डोंगर, समोर खाडी,
आत चार फळ्या, काळ्या कापडात घट्ट गुंडाळलेल्या,
कारण उजेड त्यांना सोसत नाही.
वरून काही आरपार गेलं
की त्या आतल्या आत लुकलुकतात,
आणि मी मोजतो.
मिनिटाला साडेचार हजार, थोडे इकडेतिकडे.

वडील गूळबाजारात मापाडी होते.
पहिल्या रव्याला त्यांनी कधी एक म्हटलं नाही,
म्हणायचे लाभ.
मग दोन, मग तीन,
आणि शेवटी बारदान वजा.
इथं रात्री दहाच्या पहिल्या आकड्याला
मीही लाभ म्हणतो, कुणी ऐकत नाही म्हणून.
मग हवेचा दाब वजा करतो.
हवा जड झाली की खाली कमी पोचतं.
त्यात आकाशाची लबाडी नाही,
ते बारदान.

मार्चातल्या एका गुरुवारी आकडा घसरला.
चार हजार चारशे. मग चार हजार तीनशे वीस.
दाब जागच्या जागी.
म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.
केबली हलवून पाहिल्या, धूळ पुसली,
एसीवाल्या रफीकुलला झोपेतून उठवलं.
तो लुंगीवर वर आला, थंडावा तपासला,
म्हणाला, मशीन ठीक आहे भाई, तूच तापलायस.

पहाटे डॉक्टर मरियमना फोन केला.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, परवा सूर्यानं एक मोठा लोट फेकला,
तो आता आपल्यावरून जातोय,
दूरून येणाऱ्यांना त्यानं वाटेतच अडवलंय.
काही बिघडलेलं नाही. लिहून ठेवा.

म्हणजे तिकडं वादळ उठलं
की इथं शांतता वाढते.
मी लिहून ठेवलं.

रफीकुल पायरीवर बसून होता.
त्याला म्हटलं, हात पसर.
तळहातातून सेकंदाला एक जातो,
न दुखवता, न विचारता,
छपरातून, तुझ्यातून, खालच्या मजल्यावर
दुमजली खाटांवर झोपलेल्या बारा जणांतून.
त्यानं हात बराच वेळ तसाच धरला.
मग विचारलं, आणि अडवलेले?
येतील, म्हटलं. आठवड्याभरात, हळूहळू.

जूनमध्ये आकडा पुन्हा उतरला,
पण असा, की रोजच्या रोज कळूच नये.
मरियम म्हणाल्या, हा उन्हाळा आहे.
तापून हवा फुगते,
ते जन्मतात ती जागा आणखी वर सरकते,
आयुष्य तेवढंच, वाट लांब,
काही मध्येच संपतात.
यालाही दुरुस्ती आहे, तक्ता पाठवते.

तक्ता आला. लावला.
रेघ सरळ झाली, वर्षभर सारखी,
जणू सगळेच पोचले.

वडील सांगायचे, कच्ची नोंद खोडू नये,
पक्की शेजारी लिहावी.
म्हणून माझ्या वहीत दोन रकाने आहेत.
पक्का मी मरियमना पाठवतो.
कच्चा रफीकुल कधीमधी मागतो,
आकडे त्याला वाचता येतात,
बोट फिरवत खाली जातो,
जूनपाशी थांबतो.