दोन कॉलम तह

बाबा रविवारी दुपारी टेबल काढत.
लांबच्या कुठल्या तरी युद्धाच्या वाटाघाटींचं टेबल,
पाय कधी चार, कधी सतरा.
मोजू नकोस, म्हणायचे, तेही मोजत नाहीत.

चित्राखालचा 'तह' वाचून संपादक हसले,
"मांडवगणेजी, तह तो चादर की होती है!"
बाबांनी मुकाट्याने 'समझौता' लिहिलं
आणि टेबलावर काढली एक चादर, नीट घडी घातलेली,
घडीतून बुटाचं टोक बाहेर.

कबूतर काढायचे नाहीत कधी.
राजवाड्यासमोर जाऊन बघ, दाण्यावरून कसे टोचतात एकमेकांना.

हात मात्र जमायचे नाहीत त्यांना.
हस्तांदोलन आलं की रामबागेतल्या आमच्या बोळातून
बुळेकाका आणि गंगवालजी यांना बोलावणं जायचं.
सामाईक मोरीवरून अकरा वर्षं दावा चाललेला दोघांचा.
"धरा हो जरा हात. देशासाठी नाही, पेपरासाठी."
वीस मिनिटं तसेच उभे,
एक भिंतीकडे बघत, एक कॅलेंडरकडे.
आईने पोहे आणले, वर जिरावन भुरभुरून.
उजवे हात गुंतलेले.
बुळेकाकांनी डाव्या हाताने खाल्ले.
गंगवालजींनी नाही.

सोमवारी छापून आलं तर
परराष्ट्रमंत्र्याच्या मनगटावर बुळेकाकांचा लाल गंडा!
त्याचं काही नाही. गंगवालजी पेपर घेऊन दारात:
"इनका पंजा ऊपर क्यों?"

मी काळं भरायचे.
खिडकीबाहेरचा धूर, दोन नंबरच्या ब्रशने.
या धुरात कोण आहे, विचारलं एकदा.
"आहेत की. पण ब्लॉक दोन कॉलमचा,
माणसं इतकी लहान झाली की शाई बसते त्यांच्यावर."
पुढच्या रविवारी मी टाचणीच्या डोक्याएवढी जागा
कोरी सोडली, कुणाला न सांगता.
छापील अंकात ती सापडली नाही.
मूळ कागद माझ्या ट्रंकेत आहे. पिवळा पडलाय,
जागा धरून.

त्या युद्धाचा तह झाला म्हणतात, आतल्या पानावर बातमी होती.
मोरीचा निकाल लागला
गंगवालजी जाऊन तीन वर्षं झाल्यावर.
बुळेकाका पेढे घेऊन आले.
जिंकलो, म्हणाले,
आणि बाबांच्या टेबलापाशी उभे राहिले बराच वेळ,
उजवा हात कुठे ठेवावा
हे न कळून.