खोलीचं तापमान

पुस्तकात लिहिलंय : खोलीच्या तापमानाला तार मऊ असते.
कुणाच्या खोलीच्या, ते लिहिलेलं नाही.

धरणगाव, एप्रिलची अठ्ठावीस,
पत्र्याखालची प्रयोगशाळा, दुपारचे दोन.
पंखा त्याच गरम हवेला गरगर फिरवतोय.
मी फळ्यावर लिहिलं : निकेल, टायटॅनियम.
म्हटलं, वाकवा, पिळा, गाठ मारा हिला,
तापली की हिला आपला आकार आठवतो.
भट्टीत पाचशे अंशांवर एकदा शिकवलं की झालं.
एकदाच!
(नववी ब कडे बघत मी थोडा थांबलो.)

नजमा तडवीनं तारेची बांगडी केली,
खिडकीच्या लोखंडी पट्टीवर ठेवली.
मी थर्मासचं झाकण फिरवतोय गरम पाण्यासाठी,
तोच मागून ओरडा : सर, सरळ झाली!
कुणी हात लावला नव्हता.
पाणी अजून थर्मासातच होतं.

मग मी हाताचं चित्र काढलं :
बोटाच्या आत शिरेसारखी तार,
वीज आली की तापते, आखडते, बोट मिटतं,
निवली की सैल पडते, बोट उघडतं.
हितेंद्र भंगाळे उभा राहिला.
म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात
मूठ उघडणार कधी, सर? दिवेलागणीला?

वर्ग हसला.
दारात पाण्याची कळशी घेऊन सुपडाबाई उभी, तीही हसली.
जिनात गेली तिची उजवी चार बोटं, सरकीसारखी वेगळी झाली.
शिबिरात मिळालेला हात तिच्याहून गोरा आहे,
लग्नकार्याला घालते, एरवी पत्र्याच्या पेटीत.
घंटा डाव्या हातानं देते,
एक टोल नेहमी जास्त.

कळशी ठेवता ठेवता म्हणाली,
"हाई तारले याद राहस ना सर,
तशी मन्ह्या बोटेसले बी राहस.
रातले खाजतस. नहीत तरी खाजतस."

याचं उत्तर माझ्या पाठनियोजनात नव्हतं.
खडू हातात तसाच राहिला.

खुमसिंग पावरा, जो वर्षभर तोंड उघडत नाही,
त्यानं विचारलं : मावशी, नवा हात मिळाला तर काय करशील?
आम्हाला वाटलं, म्हणेल भाकर थापीन, शिवीन, लिहीन.
"थापाले एक हात पुरे," ती म्हणाली,
"तवा तपना की नही, एवढं समजनं पाह्यजे."

खुमसिंगनं पट्टीवरची तार उचलली,
चटका बसला, दुसऱ्या हातात घेतली.
मग सर, ही चुकली नाही, तो म्हणाला,
हिला कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर
सायकलच्या ट्यूबचा पंजा, आत तार, तारेला दोरा,
दोरा सुपडाबाईच्या कोपराला.
खिचडीच्या शेगडीवर तवा ठेवला.
पहिल्या वेळी काहीच नाही.
दुसऱ्या वेळी रबर जळलं, घाण वास सुटला.
तिसऱ्या वेळी ती दचकली,
कोपर चोळत आमच्याकडे बघितलं.
उशिरा वढस, म्हणाली. पन वढस.

ट्यूबपेक्षा चांगलं काय, ते आम्ही शोधतोय.
फळ्यावरचं ते वाक्य मी अजून पुसलं नाही,
फक्त "खोलीच्या" खाली
कुणीतरी खडूनं रेघ मारली आहे.