रेवानाथचे डोळे

कॅमेरा तांदळाच्या डब्यात झोपतो, दमट हवा नको म्हणून.
बायको म्हणते, एवढे पैसे मोजलेत,
निदान बासमतीत तरी ठेवा.
सीताबर्डीतला एक स्टुडिओ बंद होत होता तेव्हा घेतला.
लेन्सच्या आत बुरशीची नखाएवढी जाळी आहे.
तिच्यामुळे उन्हातल्या प्रत्येक फोटोत
उजव्या कोपऱ्यात थोडं धुकं येतं.
नागपूरच्या मे महिन्यात धुकं!
दुरुस्तीला टाकणार होतो, टाकलं नाही.

सोमवार ते शनिवार वर्धमान नगरच्या ट्रान्सपोर्टमध्ये
मी बिल्ट्या लिहितो.
नग किती, कुठून कुठे,
फुटल्यास जबाबदारी कोणाची.
रविवारी पहाटे अंबाझरीच्या बांधावर
खंड्याची वाट पाहतो.
तो ठरलेल्या फांदीवर, मी ठरलेल्या दगडावर.
तो सूर मारतो तेव्हा
मी नेमका चष्मा पुसत असतो.
रिकाम्या फांदीचे शंभरेक फोटो आहेत माझ्याकडे,
एकदम शार्प.

साडेसातला मागून हाक येते,
"काय करून राहिला बे? झाला का तुहा पक्षी?"
हेमराज धकाते, मुश्ताक, मेश्राम मास्तर,
आणि गाठ मारलेली तर्रीची पिशवी
छातीशी धरून स्कूटरवरून उतरणारा रेवानाथ.
पोहे वाढले की मी सगळ्यांचे हात थांबवतो,
"एक मिनिट, वाफ दिसतेय."
वाफ आजवर एकाही फोटोत आली नाही.
पोहे तेवढे थंड झाले.

आता रेवानाथचं सांगतो.

मारबतीच्या दिवशी हेमराजच्या गच्चीवर काढलेला फोटो:
मागे पिवळी मारबत, खाली गुलालात बुडालेला रस्ता,
पुढे माझे चार दोस्त.
तिघांचे सहा डोळे उघडे.
मेश्राम मास्तरांच्या निवृत्तीला सावजी मटण,
सगळ्यांच्या नाकातून पाणी,
रेवानाथ डोळे मिटून शांत,
जणू निवृत्त तोच झाला.
मुश्ताकच्या मुलीच्या लग्नात मी बटण दाबूनच धरलं,
धडाधड चौदा फ्रेम.
चौदाही.
एकदा "एक, दोन, तीन" म्हणता म्हणता
दोनलाच काढला.
त्यानं एकलाच मिटले होते.
विचारलं तर म्हणतो,
"तुह्या बोटाचा आवाज येते ना बे मले."

परवा त्याला पंचावन्न लागलं.
फुटाळ्याच्या काठावर स्कूटरच्या सीटवर केक,
तलावावरून वारा, मेणबत्ती टिकेना,
मुश्ताकनं दोन्ही हातांचा आडोसा केला
तर त्याच्याच बाहीनं विझली.
मी वाकून सेटिंग बदलत होतो,
उजेड जात होता,
मग बॅटरी गेली, दुसरी शोधायला
मी कॅमेरा हेमराजच्या नातवाकडे दिला.
नवी बॅटरी घातली, पिशवीची चेन लावायला वळलो
आणि पोरानं बटण दाबलं.

तलाव तिरका.
मुश्ताक अर्धा.
मास्तरांच्या मिशीला क्रीम.
माझी पाठ, पँटीतून सुटलेला शर्ट.
आणि मधोमध रेवानाथ,
केक सोडून, पोराला सोडून,
माझ्या पाठीकडे बघतोय.
दोन्ही डोळे उघडे.
घारे आहेत.

तीस वर्षं एका बेंचवर चहा पितो आम्ही.

त्याला पडद्यावर दाखवला.
जवळ घेतला, लांब धरला,
"काढून टाक बे," म्हणाला,
"मी कोणी दुसराच दिसून राहिलो."
मग केक कापला, सगळ्यांच्या तोंडाला फासला,
पुन्हा ग्रुप फोटो झाला,
पुन्हा मिटले.

रात्री घरी कूलर घरघरत होता, वाळ्याचा वास.
तो फोटो मी काढून टाकला नाही,
कुणाला पाठवलाही नाही.
कॅमेरा तांदळात ठेवायला गेलो
तर बायको म्हणाली,
उद्या खिचडी आहे,
बाजूला ठेवा.