शून्याकडचं टोक

टेपचं शून्याकडचं टोक माझ्याकडे असतं,
आकड्याकडचं ग्रामसेवकाकडे.
अकरा वर्षं मी पंचायतीचा शिपाई,
अकरा वर्षं लोकांच्या भिंतीला
अंगठ्यानं शून्य दाबून धरतो.
पलीकडून आवाज येतो,
एकवीस फूट सहा इंच.

कुडाचं घर, कवेलूचं, विटांचं, स्लॅबचं,
ज्याचा त्याचा दर वेगळा.
म्हणून येणूताई भोयरनं
आतून गुलाबी टाईल लावली
आणि बाहेरून शेणमातीचा हात फिरवला.
मी पाहिलं. तिनं पाहिलं की मी पाहिलं.
चहात त्या दिवशी आलं होतं.

आता म्हणे मुंबईत कायदा बदलतो आहे.
भिंत मोजायची नाही, जागा मोजायची,
आणि जागेचा भाव.
ग्रामसभेला तालुक्याहून दोन गाड्या आल्या.
कोरम पहिल्यांदाच पहिल्या हाकेला भरला.

ओंकार ठवकर उठले, खिशात चार पेन.
"नागपूरवाल्याचा प्लॉट रोडाले लागून,
आत बाभळी अन् डुकरं.
त्याले टॅक्स बारा रुपये.
ज्यानं चार खोल्या बांधल्या त्याले नऊशे.
बांधनं गुन्हा हाये काय?"
टाळ्या.

मग दुसऱ्या गाडीतला, घसा साफ करून:
"झिबल तुमसरेच्या दारासमोरून चौपदरी गेली,
भाव वाढला, कबूल.
पण झिबल तेच घर, तेच दार, तेच खाट.
इकल तवा पैसा. आज काय भाव चाटून पाहाचा?"
टाळ्या. तेच हात.
झिबल स्वतः मागच्या रांगेत
आपलं नाव दोनदा ऐकून
टोपी नीट करत बसला.

मला दोघांचंही पटलं,
शिपायाला ती सोय असते.

सरपंचबाई खुर्चीवर, माईक त्यांच्या नवऱ्याकडे.
तो म्हणाला, वसुली एक्केचाळीस टक्के,
मोटरीचं बिल थकलं,
टाकी भरायची तर कुठून भरायची ते सांगा.
याला टाळी कोणी दिली नाही.

तेव्हा दाराजवळून,
नाल्यापलीकडच्या टोल्यावरची सुकमाबाई कुमरे:
"आमाले किती लावता जी?"

ग्रामसेवक रजिस्टर न उघडताच बोलला,
"तुमचं अतिक्रमण हाये बाई. तुमाले टॅक्सच नाही."
"नशीब काढलं!" कोणीतरी, आणि सभा हसली.

"मंग लावा न," ती म्हणाली.
"तीस वर्स झाले, लावा.
नातवाच्या दाखल्याले पावती मांगते,
मीटरवाला पावती मांगते.
पावती नाही त घर नाही म्हनते.
घर नाही त मी सारवतो काय मंग?"

हसू थांबलं, पण लगेच नाही,
पंखा बंद केल्यावर
पाती थोडी फिरतात तसं.
दोन्ही गाड्यांकडे उत्तर नव्हतं.
एकानं घड्याळ पाहिलं.

ठराव क्रमांक सात:
कर आकारणीच्या प्रस्तावाबाबत
शासनाचे मार्गदर्शन मागविण्यात यावे. सर्वानुमते.
सुकमाबाईचं बोलणं इतिवृत्तात नाही.
मीच सह्यांसाठी वही फिरवली,
तिच्यापुढेही धरली,
तिनं अंगठा दिला.

संध्याकाळी सतरंज्या गुंडाळून
टेप जमा करायला निघालो, आणि नाल्यावर वळलो.
कोणी सांगितलं नव्हतं.
कुडाच्या भिंतीला तिनं शून्य दाबून धरलं,
मी मागं मागं सरत गेलो,
आकडे माझ्या बोटांतून सुटत होते.
एवढ्या वर्षांत हे टोक कधी हाती आलं नव्हतं,
वाचताना जीभ अडखळली.

"चौदा फूट तीन."
"लिव्ह," ती म्हणाली.
वही नव्हती. तंबाखूच्या पुडीवर लिहिलं.
सरकारी किंमत शून्य, हे तिलाही ठाऊक.

"आंगन धरू काय?" मी विचारलं.
"धर न.
रोज झाडतो मी."